‘नक्र’ की ‘मगर’?

मुलांनो, एका जंगलात एक चुणचुणीत खार राहत असे. पिल्लांना वाचायला शिकवायची तिला भारी हौस! पण शाळा होती घुबडगुरुजींची. ते पहिल्याच दिवशी जाडजूड ग्रंथ उघडत आणि गरजत, “वाचा, ‘ज्ञानप्राप्त्यर्थ’!” पिल्लांची बोबडी वळे. ससुलं रडकुंडीला येई, अस्वलाचं पोर तर चक्क घोरू लागे.

अशातच ऐन उन्हाळ्यात जंगलातल्या एकुलत्या एका तळ्यात मगर येऊन ठाण मांडून बसली. गुरुजींनी लगेच काठावर पाटी लावली : ‘नक्रसंचारग्रस्त जलाशय. प्रवेश निषिद्ध.’ नक्र म्हणजे मगर, हे त्या बापड्या पिल्लांना कसं कळावं? खार धावतच गुरुजींकडे गेली. “गुरुजी, सोपं लिहा हो! एखादं पिल्लू जिवाला मुकेल!” गुरुजी फणकारले, “नुसतं ‘मगर’ लिहू? माझ्या पाटीची शोभाच जाईल!”

खार हट्टाला पेटली. काना-मात्रा नसलेले आणि पिल्लांच्या आवडीचे शब्द तिने निवडले, कोळशाने पानांवर लिहिले. मध! फणस! गवत! आणि सगळ्यांत मोठ्या पानावर, मगर! “मला वाचता आलं! मध, मध, मध!” अस्वलाचं पोर थयथय नाचलं. घुबडाचं पिल्लूसुद्धा बाबांची नजर चुकवून येऊ लागलं. मग खारीने तळ्याकडे धाव घेतली आणि गुरुजींच्या पाटीखाली कोळशाने दोनच शब्द लिहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तहानलेली पिल्लं तळ्यावर आली. सर्वांत पुढे कोण? घुबडाचं पिल्लू! पाटी बघून ते अडखळलं, “न... क्... जाऊ दे!” आता पाण्यात पाय घालणार, तोच खालची अक्षरं दिसली. “म-ग-र... मगर! प-ळ... पळ! अरे, पळा रे पळा!” सगळी जी सुसाट सुटली! मगरीचा जबडा खाड्कन मिटला, पण रिकामाच.

पिल्लाला कुशीत घेऊन गुरुजी ढसाढसा रडले. मग खारीला म्हणाले, “बाई, उद्यापासून धडे तुम्हीच निवडा.”

पिल्लाने लगेच मान वर काढली. “मग ‘उंदीर’ कधी वाचायचा?”

खार खुदकन हसली. “त्यात अनुस्वार आहे, वेलांटी आहे. आज ‘दम धर’ वाच!”

तात्पर्य : नुकतंच वाचू लागलेल्या मुलांना आधी झेपेल आणि आवडेल असं वाचायला द्यावं, जाड ग्रंथ कुठे पळून जात नाहीत.