गादीवरचं अस्वल

करंजगडच्या दरबाराचा रिवाज मोठा कडक. महाराजांची तसबीर आत आली की सगळ्यांनी उठून मुजरा करायचा.

एकदा सगुणा चितारणीने नवं चित्र आणलं. गादीवर पगडी घातलेलं अस्वल हुक्का ओढतंय आणि एक माणूस त्याला वारा घालतोय!

"याचा अर्थ काय गं?" महाराजांनी विचारलं.

ती तोंड उघडणार तोच दिवाण नारोपंत गरजले, "अर्थ कसला? हे अस्वल म्हणजे आपणच, महाराज! हिचे हात तोडा!"

महाराज लालबुंद झाले. "बोल, खरं का हे?"

सगुणाने पदर सावरला. "महाराज, चित्र आत आलं तेव्हा दिवाणजींनी उठून मुजरा केला?"

"छे! पंत पान चघळत बसले होते."

"मग अस्वल म्हणजे आपण असाल, तर पहिला गुन्हा दिवाणजींचा. नसाल, तर माझा गुन्हा कोणता?"

नारोपंतांना ठसका लागला. "चुकलो, महाराज! अस्वलच आहे हे. नुसतं अस्वल!"

महाराज खदखदून हसले आणि त्यांनी चित्र दिवाणजींच्या बैठकीसमोरच टांगायला लावलं.

तेव्हापासून नारोपंत रोज दरबारात सगळ्यांच्या आधी येतात आणि कोणी बघत नाहीसं पाहून अस्वलाला हळूच मुजरा करतात.