दुसरी मूठ

एकदा एका म्हाताऱ्या वैद्यांच्या अंगणात त्यांचा शिष्य एक नवंकोरं यंत्र घेऊन आला, आणि ते बघून वैद्यांच्या पत्नीनं कपाळाला हात लावला. घरात यंत्र आलं की आपल्या नवऱ्याचं वय एकदम दहा वर्षांवर येतं, हे त्या माउलीला उभ्या संसाराच्या अनुभवानं ठाऊक होतं.

वैद्यांचं नाव भिकाजीपंत. घाटाखालच्या त्या मुलखात त्यांना सगळे नुसतं पंत म्हणत. तेल सिद्ध करायचं ते चुलीवर, काढा आटवायचा तोही चुलीवर, हा त्यांचा शिरस्ता. गॅसच्या आचेला धीर नाही, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे पंतांच्या घरी सरपण लागे भरपूर, आणि ते फोडून, कापून रचण्याचं काम बरीच वर्षं त्यांचा शिष्य अच्युत करत आला होता. अच्युत आता पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप. स्वतः रोगी तपासू लागला होता, गावात त्याला मान होता. पंतांच्या अंगणात मात्र तो अजून ‘अरे अच्च्या’च होता, आणि खरं सांगायचं तर त्याला तेच आवडायचं.

यंत्र म्हणजे बॅटरीवर चालणारी छोटी साखळीची करवत. एका हातात मावेल एवढी. कळ दाबली की घुर्रर्र करून साखळी फिरायची आणि मनगटाएवढी फांदी बघता बघता खाली पडायची. पंतांनी चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला, धोतराचा काचा मारला आणि “आण इकडे” म्हणून यंत्र हातात घेतलं. मग काय विचारता! आंब्याच्या वाळलेल्या फांद्या संपल्या, जांभळाच्या संपल्या, कुंपणाचा मोडका खांब संपला. पंतांची नजर माडीच्या जिन्याकडे वळली तेव्हा काकू ओट्यावरून म्हणाल्या, “तो जिना चांगला आहे हं. आणि मीसुद्धा चांगली आहे. आता बास करा.”

पंत हसत हसत ओट्यावर टेकले. कपाळाचा घाम पुसत म्हणाले, “काय सुंदर वस्तू आहे रे! हे आधी का नाही निघालं? माझे दंड वाचले असते. पण अच्च्या, तुझ्या घरी तर गॅसवर स्वयंपाक. तू कशाला घेतलंस हे?”

“तो फणस कापायचाय, पंत.”

“एवढ्याशा पात्यानं ते खोड कापेल?”

“दोन्ही अंगांनी घेतलं तर कापेल. वेळ लागेल थोडा,” अच्युत म्हणाला, आणि मग खुशीत येऊन पुढे बोलला, “पण कुणाला विचारायला नको!”

पंतांचा घाम पुसणारा हात थांबला.

हा फणस काय होता, ते इथे सांगायला हवं. अच्युत आणि त्याचा थोरला भाऊ दामोदर एकाच घरात राहत. मध्ये भिंत, दोन दारं, समोर एकच अंगण. अंगणात वडिलांच्या हातचा फणस. त्याची एक जाडजूड फांदी दामोदरच्या गोठ्यावर झुकली होती. पावसाळ्याआधी ती उतरवू, असं दामोदर म्हणाला. अच्युत म्हणाला, बाबांनी लावलेल्या झाडाला करवत लागू देणार नाही. फांदी राहिली. पुढे एका वादळात सगळा फणसच मुळासकट आडवा झाला आणि गोठ्याचं छप्पर घेऊन खाली आला. गाय तेवढी वाचली. दामोदर चिडला, नको ते बोलला. शब्दाला शब्द वाढला. शेवटी अच्युतच्या तोंडून निघून गेलं, “बाबा गेल्यापासून तुला त्यांचं काहीच नकोसं झालंय.” दामोदर एकदम गप्प झाला, आणि तो जो गप्प झाला तो गप्पच.

तेव्हापासून खोड दोन दारांच्या मध्ये पडून होतं. दोघांपैकी कुणीही हात लावला नाही. गणपती दोघांचा एकच. आरतीला दोघं दोन बाजूंना उभे राहिले, एक टाळ वाजवत, दुसरा घंटा, आणि दोघांनी मिळून ताल पार बिघडवून टाकला. आई सकाळी एकाकडे जेवायची, रात्री दुसऱ्याकडे. काठी टेकत, खोडाला वळसा घालून चिखलातून जायची. एकदा घसरली. दोन्ही दारांतून दोघे धावले, एकानं एक हात धरला, दुसऱ्यानं दुसरा, तिला ओट्यावर आणून बसवलं, गुडघ्याला हळद लावली, आणि हे सगळं एकमेकांशी अक्षरही न बोलता. आई दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, “मला शेवटचं उचलायला तरी दोघं मिळून याल ना रे?”

ते वाक्य अच्युतच्या काळजात रुतलं होतं. वडिलांची दोन मुठींची लांब करवत पडवीत टांगलेली होती, पण ती एकट्याला चालवता येत नाही. म्हणून त्यानं शहरातून हे यंत्र मागवलं. आता आईची वाट मोकळी होणार होती, आणि दादाच्या दारात तोंड वेंगाडायचंही कारण नव्हतं.

पंतांनी सगळं ऐकून घेतलं. मग यंत्र मांडीवर घेऊन त्याची बॅटरी खटकन काढली, धोतराच्या कनवटीला खोचली आणि म्हणाले, “आत जा. माझी दोन मुठींची करवत आण. तो ऐनाचा ओंडका आज कापून टाकू.”

“अहो पंत, यंत्र असताना? आणि तुम्ही या वयात करवत ओढणार?”

“तू आण तर.”

गुरूपुढे काय बोलणार? अच्युतनं करवत आणली, ओंडका लाकडी घोडीवर चढवला, पात्याला खोबरेल चोळलं. एका मुठीला तो, दुसऱ्या मुठीला पंत. करवत सुरू झाली.

सुरू झाली म्हणायचं आपलं. अच्युतनं आपल्याकडे ओढली की पंत तिकडून जोरानं ढकलायचे. पातं मध्येच वाकायचं, थरथरायचं आणि लाकडात अडकून बसायचं. अच्युत ते सोडवायचा, पुन्हा ओढायचा, पंत पुन्हा ढकलायचे. ज्या माणसानं आयुष्यभर सरपण कापलं, त्याला करवत धरता येऊ नये? अच्युतला काही कळेना. म्हातारपण म्हणायचं की काय, या विचारानं त्याला वाईटही वाटलं.

“पंत, जरा सैल सोडा,” तो अदबीनं म्हणाला.

“हो हो,” पंत म्हणाले, आणि आणखी जोरानं ढकलू लागले.

“पंत, जोर लावू नका एवढा.”

“मी मदत करतोय तुला!”

पातं पुन्हा वाकलं. ओट्यावर काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. अच्युतचा घामटा निघाला होता, हाताला झिणझिण्या आल्या होत्या आणि ओंडक्यावर बोटभरही खाच पडली नव्हती. शेवटी त्याचा तोल गेला.

“पंत, ढकलू नका हो! ओढणं ज्याचं त्यानं करायचं. मी ओढतो तेव्हा तुम्ही नुसतं सोडायचं. तुमची पाळी तुमच्याकडे येतेच आहे ना? मग माझ्या पाळीत कशाला घुसता?”

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. गुरूवर आवाज चढवला! पण पंत काही रागावले नाहीत. त्यांनी मूठ सोडली, घोडीवर हात टेकून उभे राहिले आणि मायेनं विचारलं, “बरोबर बोललास. कुणी शिकवलं हे तुला?”

अच्युतनं पात्यावरचा भुसा झटकला.

“दादानं,” तो म्हणाला. “लहानपणी मी फार ढकलायचो. मला वाटायचं, मी जोर लावला की दादाला कमी लागेल. तो चिडायचा नाही. करवत थांबवायचा आणि म्हणायचा, तू फक्त तुझं ओढ, माझं मला ओढू दे.”

“भांडणानंतर त्याच्याकडे गेला होतास?”

“गेलो होतो की. गणपतीच्या आदल्या दिवशी. अगदी शांतपणे सगळं समजावून सांगितलं. माझं काय चुकलं, त्याचं काय चुकलं, मी तसं का म्हणालो. काही म्हणून बाकी ठेवलं नाही.”

“मग? तो काय म्हणाला?”

अच्युतनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्याच्या लक्षात आलं की त्याला उत्तर ठाऊकच नाही. दामोदर एकदा ‘अरे, पण बाबा’ असं काहीतरी म्हणू लागला होता. अच्युतनं ते वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं.

पंतांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“हे बघ बाळा, यंत्राशी माझं काही वैर नाही. एकट्याचं काम एकट्यानं करायला ते उत्तम आहे, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला तर देवानंच धाडलंय. पण तुझ्या अंगणातला फणस हे एकट्याचं काम नव्हे. तू तो एकट्यानं कापून रचलास तर आईची वाट मोकळी होईल, हे खरं. पण त्याबरोबर तुम्हा दोघांना एकत्र यायला उरलेलं एवढं एक कारणही संपेल. मग ती मोकळ्या वाटेनं, पायाला चिखल न लागता, दोन परक्या घरांत जेवायला जाईल. तिनं जे विचारलं ते वाटेबद्दल होतं का रे? तू भावाकडे गेलास, चांगल्या मनानं गेलास. पण आपलं सगळं त्याच्या अंगावर ढकललंस आणि तो गप्प बसला म्हणून रागावून परत आलास. मी आता करवतीचं जे केलं, तेच. एकदा जा आणि तुझी मूठ सैल सोड. त्याचं त्याला ओढू दे.”

अच्युतच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं वाकून नमस्कार केला आणि यंत्र उचललं.

“ते राहू दे इथेच,” पंत घाईघाईनं म्हणाले. “माझी शेवग्याची फांदी राहिली आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अच्युतनं पडवीतली करवत खाली काढली. दाते कानशीनं घासले, खोडाखाली दोन दगड सारले आणि करवत खोडावर आडवी ठेवली. एक मूठ आपल्याकडे, एक दामोदरच्या दाराकडे. मग त्यानं हाक मारली, “दादा, येतोस?”

आतली भांड्यांची खडखड थांबली. बराच वेळ कुणी आलं नाही. अच्युतच्या मनात खूप काही बोलायचं जमलं होतं; ते त्यानं तिथंच दाबून धरलं आणि नुसता उभा राहिला. शेवटी दामोदर बाहेर आला. धारोष्ण दुधाचा तांब्या त्यानं ओट्यावर ठेवला, हात पंच्याला पुसले आणि दुसरी मूठ धरली.

करवत चालू लागली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. फणसाचा पिवळाधमक भुसा दोघांच्या पायांवर पडत होता. आई काठी घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. खोड निम्म्याच्या वर कापलं गेलं तेव्हा दामोदर खाली बघतच बोलला.

“ती फांदी उतरवायची, हे माझ्या मनातलं नव्हतं रे.”

अच्युत काहीतरी म्हणणार होता. त्याच्या मुठीत नकळत जोर आला, पातं किंचित वाकलं, आणि त्यानं हात सैल केला.

“बाबांनीच सांगितलं होतं मला,” दामोदर ओढता ओढता म्हणाला. “शेवटच्या दुखण्यात. म्हणाले, फणस म्हातारा झालाय, एका अंगाला कललाय, त्याचा भार तेवढा उतरवा. म्हणजे तुमच्या मुलांच्या मुलांनाही फणस खायला मिळेल.”

करवत थांबली. बाबांचं काहीच नकोसं झालंय, असं आपण कुणाला म्हणालो होतो, हे अच्युतला त्या घटकेला पुरतं कळलं.

“दादा, मला सांगितलं का नाहीस?”

दामोदरनं पहिल्यांदा मान वर केली. त्याचे डोळे लाल झाले होते, पण आवाजात राग नव्हता.

“तू बोलू कुठे दिलंस?”

यावर अच्युतपाशी सांगण्यासारखी कारणं पुष्कळ होती. त्यातलं एकही त्यानं सांगितलं नाही. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, मूठ पुन्हा धरली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “अजून काय काय म्हणाले होते बाबा?”

दामोदर सांगू लागला. अच्युत ऐकत राहिला.