आधी तोंड उघडा

मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टर रणदिव्यांपुढे ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. शिकाऊ डॉक्टरांचा ताफा घेऊन ते गोदाक्कांच्या खाटेपाशी आले आणि जाता जाता म्हणाले, "उद्या ऑपरेशन. पोट उघडावं लागेल."

"कशासाठी?" गोदाक्कांनी विचारलं.

"तुम्हाला सांगून कळणार नाही. डॉक्टरवर विश्वास ठेवायचा."

शिकाऊ मंडळी खाली बघू लागली. गोदाक्कांना पोटातल्या कळेपेक्षा हे बोलणं जास्त झोंबलं. त्या उठून बसल्या, उशाजवळच्या डब्यातून काहीतरी काढून मुठीत झाकलं आणि मूठ थेट डॉक्टरांच्या तोंडाशी नेली.

"डोळे मिटा आणि तोंड उघडा."

डॉक्टर दचकून मागे सरले. "काय आहे ते?"

"तुम्हाला सांगून कळणार नाही. माझ्यावर विश्वास ठेवायचा."

"अहो, काय आहे ते कळल्याशिवाय मी तोंड कसं उघडू?"

गोदाक्कांनी मूठ उघडली. आत आलेपाकाची वडी होती.

"एवढ्याशा वडीसाठी तुम्ही तोंड उघडत नाही, आणि मी काही न विचारता पोट उघडून देऊ? बसा त्या स्टुलावर आणि नीट सांगा. वडी मग मिळेल."