साळूचं दार

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की तेव्हा दगडखळी गावच्या ओढ्याला बारा महिने पाणी असायचं आणि माणसांना बारा महिने सवड. एका दुपारी साळूला तहान लागली. ती उठली, बाहेर जायला वळली, आणि बाहेर कुठून जायचं हेच तिला आठवेना. पहिल्यांदा खटकलं ते एवढंच.

ती आपल्या नव्या घरात उभी होती. उजवीकडे भिंत. डावीकडे भिंत. समोर भिंत. तिनं हळूच मान वळवून मागं पाहिलं. मागंही भिंतच, आणि तीही तिनंच सकाळी सारवलेली, अजून ओली. वर छत घातलं गेलेलं. छताच्या मधोमध उजेडासाठी ठेवलेलं भोक, ज्याला त्या गावात सानं म्हणतात, ते तेवढं उघडं. पण सानं होतं ताटाएवढं आणि साळूच्या डोक्यावर दीड पुरुष उंच.

"अगं बाई," साळू म्हणाली, "दार राहिलं!"

आता घराला दार राहतंच कसं, असं तुम्ही विचाराल. त्यासाठी आधी साळू कशी होती ते ऐकायला हवं.

असं म्हणतात, साळूइतकी दचकणारी बाई त्या मुलखात झाली नाही. पापड भाजताना तो फुगला की ती दचके. स्वतःला शिंक आली की दचके, आणि दचकल्यामुळे आलेली दुसरी शिंक परत जाई. तिचा नवरा म्हादू बैलांवर मीठ लादून आणायला घाटाखाली जायचा तो तीन-तीन महिने यायचा नाही. साळू एकटी. वाटणीत तिच्या वाट्याला आली नुसती मोकळी जागा. म्हादू निघताना म्हणाला, "मी येईतो घर उभं कर. तुला कशाकशाची भीती वाटते तेवढं गवंड्याला सांग, म्हणजे झालं."

साळूनं सांगितलं. सगळंच सांगितलं.

गवंडी होता रावबा. भला माणूस, हाताचा पक्का, पण कुणाला नाही म्हणायला त्याची जीभ वळत नसे. कमरेइतका पाया खणून तो म्हणाला, "साळूवहिनी, मुरूम लागला. आता भरू?"

"अजून हातभर," साळू म्हणाली. "घर खचलं म्हंजे?"

हातभर झाला. "अजून हातभर." असं म्हणतात, पाया इतका खोल गेला की शेवटी खालूनच कुणीतरी ओरडलं, "बाई, आता पुरे कर, आमचं छप्पर फुटतंय!" तेव्हा कुठं साळू दोन पावलं मागं सरली आणि रावबानं घाईघाईनं पाया भरून घेतला.

मग जोतं. विंचूकाट्याच्या भीतीनं तिनं जोतं छातीइतकं उंच करून घेतलं. मग भिंती. दोन हात रुंद. प्रत्येक दगड ती बोटाच्या पेरानं वाजवून बघायची. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर परत. परत पाठवलेल्या दगडांत गावाच्या चावडीचा ओटा बांधून झाला. खिडकी? "खिडकीतून बोका येतो." खिडकी नको. छताला उतार? "हवा. पाणी साचून छत बसलं म्हंजे?" उतार दिला. अशा तऱ्हेनं साळूच्या एकेका भीतीतून एकेक चांगली गोष्ट होत गेली, आणि तसं पक्कं घर पंचक्रोशीत दुसरं नव्हतं.

घोडं अडलं ते दाराशी.

दक्षिणेला दार नको, ती यमाची दिशा. पश्चिमेला नको, वळवाचा पाऊस थेट चुलीत. उत्तरेला अंतू पाटलाचा बैल बांधलेला असे. तो नुसता रवंथ करायचा, पण साळूला वाटे, मनातल्या मनात तो आपल्यालाच चघळतोय. राहिली पूर्व. पूर्वेला ठकूबाईचं अंगण.

ठकूबाई म्हणजे गावचं तोंड. तिला एक शब्द बोललं की तिचे सात यायचे, आणि सातवा नेहमी पहिल्या सहांपेक्षा तिखट असायचा. पावसाला ती म्हणे, "ये, ये, तुलाच काय ते पडता येतं!" आणि पाऊस म्हणे थांबायचा. साळूच्या घराची आखणी पडली त्याच दिवशी ठकू कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती.

"तुझ्या पन्हळीचं पाणी माझ्या अंगणात पडलं ना साळे, तर पन्हळ उपटून चुलीत घालीन!"

"आणि तुझा उकिरडा माझ्या जोत्याला भिडला तर?"

"उकिरडा माझ्या सासऱ्याच्या वेळचा हाय. तुझं घर कालचं. कुणी कुणाला भिडायचं?"

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. साळूनं रावबाला सांगून टाकलं, "पूर्वेला दार नको बाबा. उठल्या उठल्या तिचं तोंड कोण बघंल?"

चौकट तयार होऊन लिंबाखाली पडून होती. तिला हळदकुंकू लावून झालं होतं, वर कोंबड्याही बसायला लागल्या होत्या. रावबा रोज विचारायचा, रोज साळू म्हणायची, उद्या सांगते. शेवटी रावबानंच तोड काढली. "वहिनी, दार म्हंजे काय? भोक. भोक कधीबी पाडता येतं. आधी भिंती उचलू, दाराचं मागनं बघू." साळूला हे फार पटलं. ज्या गोष्टीची भीती वाटते ती मागाहून बघायची, याइतका चांगला सल्ला तिला आजवर कुणी दिला नव्हता.

भिंती गुडघ्याएवढ्या होत्या तोवर ती ओलांडून आत जायची. पुढं शिडीवरून. छत घालायच्या दिवशी आतला एक कोपरा सारवायचा राहिला म्हणून ती भल्या सकाळी शिडीनं आत उतरली. मग सगळं गाव मदतीला आलं. तुळया चढल्या, काटक्या पसरल्या, पांढऱ्या मातीच्या पाट्या हातोहात वर गेल्या. रावबानं शिडी तेवढी मातीवाल्यांसाठी ओढून घेतली. छत चोपायला वीस माणसं लागली. धाडधाड धाडधाड. आत साळूनं कानांत बोटं घातली, डोळे गच्च मिटले आणि कोपऱ्यात बसून राहिली. बसल्या बसल्या तिला झोप लागली. महिनाभर घराच्या काळजीनं ती झोपलीच कुठं होती?

बाहेर गूळ-शेंगदाणे वाटून झाले. "साळू कुठाय?" कुणीतरी विचारलं. "आसंल ओढ्यावर," कुणीतरी म्हणालं. रावबानं हात धुतले आणि सगळ्यांना बजावलं, "छत ओलं हाय. पंधरा दिवस घराच्या जवळ फिरकायचं न्हाई. हात लावायचा न्हाई. दाराचं मी आलो की बघू." आणि तो बहिणीच्या गावाला निघून गेला.

साळू जागी झाली, तहान लागली, आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

तिच्याजवळ होतं अर्धं मडकं सारवणाचं पाणी आणि हातात मातीचा बोळा. भिंत उकरून बघावी म्हणून तिनं नखं लावली. भिंत ढिम्म. दगडन् दगड तिनंच वाजवून घेतलेला. भिंत जराशी कच्ची असती तर? पण कच्चं काही तिनं ठेवूच दिलं नव्हतं. पंधरा दिवस कुणी येणार नाही. म्हादू यायला अजून महिना. आपण आपल्याच घरात वाळून जाणार, हे साळूच्या ध्यानात आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती दचकली नाही. दचकायला तरी जागा हवी.

ती सान्याखाली उभी राहिली आणि तोंड वर करून ओरडली, "ओ पाटीलदादाऽऽ!"

आवाज सान्यातून वर गेला, आभाळाला लागला आणि तिथून गावात उतरला. पारावर अंतू पाटील चिमटीत तंबाखू धरून बसला होता. चिमूट तोंडाशीच थांबली.

"कोण बोललं?"

"कुणी दिसत न्हाई," बाकीचे म्हणाले.

"दिसत न्हाई, तर ओ देऊ नका!" पाटील कुजबुजला.

हा नियम गावाला शिकवला होता साळूनंच. एकदा तिन्हीसांजेला तिला मोरीतून कुणीतरी हाक मारली होती. तिनं तीनदा ऐकूनही ओ दिली नाही. ती तिची सख्खी जाऊ होती आणि तिला फक्त अंग पुसायला लुगड्याचा धडपा हवा होता, ही गोष्ट वेगळी. पण साळूनं घरोघर सांगितलं, न दिसणाऱ्या हाकेला तीन वेळा ओ देऊ नये. मग तिला वाटलं, भुतांना तीनपर्यंत मोजता येत असेल. म्हणून सात केलं. मग वाटलं, ती शिकतीलही सातपर्यंत. तेव्हा शेवटी ठरलं, न दिसणाऱ्याला ओ द्यायचीच नाही. लेकरांना हे अंगाईबरोबर शिकवलं जाई.

साळूनं एकेकाला हाक मारली. कुंभाराला, पुजाऱ्याला, सख्ख्या जावेला. ज्याला हाक जाई तो घरात पळे आणि आतून कडी लावी. थोड्या वेळानं सगळे धीर करून लांब उभे राहिले.

"नवं घर बोलतंय," पुजारी म्हणाला.

"दार न्हाई म्हणून कोंडलंय बिचारं," कुंभार म्हणाला.

"यातलं आपल्याला काय कळतंय?" पाटील म्हणाला. "साळूला बोलवा. भुताखेतातलं तिला ठावं हाय."

आणि सगळं गाव एका सुरात ओरडलं, "साळूऽऽ! अगं साळूऽऽ!"

आत साळू ताडकन् दचकली. भिंतीपलीकडून, कुणी दिसत नसताना, आपलं नाव! तिनं तोंडावर हात दाबून धरला. एक हाक झाली, दोन झाल्या, सात झाल्या. आठव्या हाकेला तिला उमगलं की ही आपलीच माणसं, आणि ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "ओऽऽऽ!"

असं म्हणतात, त्या 'ओ'नं गाव जे पळालं ते ओढ्यापलीकडे जाऊन थांबलं. पाटलाचा बैलसुद्धा दावं तोडून गेला. साळूला एवढंच समाधान.

साळू भुईवर बसली. मडक्यात बघितलं, पाणी खाली बसलेल्या मातीइतकंच उरलं होतं. सगळ्या गावाची नावं घेऊन झाली होती. एकच नाव राहिलं होतं, आणि ते घ्यायचं नाही असं तिनं ठरवलेलं होतं. कशालाच भीत नाही असं कुणी होतं का गावात? पावसाला उलटून बोलणारी? शब्द आला की परत केल्याशिवाय जिला घास गिळत नाही अशी? पण ठकूला नुसती हाक मारून काय उपयोग? तीही ओढ्यापलीकडे गेली असेल. आणि नसली, तरी हाकेला ओ न द्यायचा नियम तिलाही माहीत होता.

नियम हाकेला होता. साळू हळूच उठली.

त्या दिवशी ती काय बोलली ते दगडखळीत अजून सगळ्यांना पाठ आहे. आता तिथं स्लॅबची घरं झालीत, आराखडे शहरातून येतात. पण पाया खणण्याआधी जागेवर राखेनं रेघा आखतात आणि घरच्या बाईला मधोमध उभी करतात. ती डोक्यावरून पदर घेते आणि चारी दिशांना तोंड करून साळूचं ते वाक्य मोठ्यानं म्हणते. ज्या बाजूनं पहिलं उलट उत्तर येतं, त्या बाजूला चौकट. त्याला साळूचं दार म्हणतात. ज्या शेजारणीनं उत्तर दिलं तिच्या हातची एक भाकरी उंबऱ्याखाली ठेवतात, चांगली फुगलेली. इंजिनियर कुरकुरतात, वास्तुवाले कुरकुरतात, त्यांना चहा देतात. आणि चारी बाजूंनी कुणीच काही बोललं नाही, तर ती माणसं राखेच्या रेघा पुसतात आणि दुसरी जागा बघतात. तिथं घर बांधत नाहीत. भांडायला का होईना, ओ देणारं कुणी नसेल तर दार काढायचं तरी कुणीकडं?

पण हे सगळं मागाहूनचं. तेव्हा साळूला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं मडक्यातलं शेवटचं पाणी पिऊन घसा ओला केला, पूर्वेच्या भिंतीकडं तोंड केलं, डोळे मिटले, आणि असेल नसेल तेवढा जीव गोळा करून ओरडली,

"ठकूच्या भाकरीला पापुद्रा सुटत न्हाईऽऽऽ!"

ओढ्यापलीकडं गाव श्वास धरून उभं होतं. साळूनं मनात एकपासून मोजायला सुरुवात केली. एक. दोन.

तीन म्हणायच्या आत पूर्वेच्या भिंतीवर बाहेरून पहार आदळली.

"कुणाच्या भाकरीला गं, भवाने? थांब तिथंच, आले मी!"