पुढे पुढे करणारा बाद

भारताच्या संघात अकरा वर्षं यष्टिरक्षण करणाऱ्या वृषालीची झोप कुठल्या गोलंदाजानं कधी उडवली नव्हती. ती उडवली एका काळजीनं: शेकड्यांनी झेल टिपले खरे, पण दौऱ्यांच्या नादात लेकीचं मनच हातातून सुटलं असेल तर?

कराडला तिचा सत्कार होता. अध्यक्ष आप्पासाहेब सत्कारमूर्तीच्याही पुढ्यात उभे राहून माईकवर म्हणाले, "खेळ ठीक आहे हो, पण बाईमाणसानं जरा मागंच राहावं!" मग सहा वर्षांच्या इरासमोर माईक धरून त्यांनी विचारलं, "काय गं बाळ, आई सारखी परगावी. वाईट वाटतं ना?"

वृषालीनं चटकन लेकीकडे पाहिलं.

"वाटतं की," इरा म्हणाली. "पण आजोबा, माझी आई मागंच उभी असते. स्टंपच्या मागं! आणि समोरचा फार पुढे पुढे करायला लागला ना, की त्याला बाद करते."

सभागृह हशानं दणाणलं. आप्पासाहेबही कसनुसं हसले. वृषालीची मान आपोआप ताठ झाली. तेवढ्यात फोटोग्राफरनं कॅमेरा रोखला, तशी इरा पुन्हा माईककडे झुकली.

"आजोबा, मागं सरका ना! आई दिसत नाहीये."