झाडाचेच कारागीर

एका टेकडीच्या उतारावर एकेकाळी एक वृद्ध आचार्य आपली बीजवाटिका सांभाळून राहत असत. वनस्पतींच्या रोगांचा अभ्यास करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. कुठे एखादे जुने वाण नामशेष होऊ लागले की तिथले लोक उरलेसुरले बियाणे त्यांच्या ओटीत आणून घालत, आणि आचार्य ते वाढवून परत पाठवत.

त्या वर्षी खोऱ्यातल्या एका गावाने भेंडीचे बी पाठवले. आखूड, आठ धारांची, लवदार भेंडी. गावाबाहेर तिला कोणी ओळखतही नसे. मूठभर बियांतून चाळीस रोपे उगवली. ती आपल्या शिष्येच्या स्वाधीन करताना आचार्य म्हणाले, "गावात आता एक दाणाही शिल्लक नाही. जे आहे ते एवढंच."

शिष्या तिशीची, बुद्धिमान आणि हळवी. हळवेपणा हा काही दोष नव्हे, पण तो शेतात उतरला की त्याने डोळे उघडे ठेवावे लागतात. महिन्याभराने तीन झाडांच्या पानांवर पिवळ्या शिरांचे जाळे उमटले. भेंडीच्या या रोगाला लोक केवडा म्हणतात. नाव इतके सुगंधी, आणि करणी अशी! केवडा दिसला की झाड त्याच दिवशी उपटायचे, हा आचार्यांनी शिकवलेला पहिला नियम होता. पण चाळिसांतली तीन? तिचा हात धजेना.

मग माणसे अशा वेळी जे करतात तेच तिने केले. नियम मोडला, आणि त्या मोडण्याला दया असे नाव दिले. ती बाजारातल्या औषधविक्रेत्याकडे गेली. विक्रेत्यांच्या जिभेला 'नाही' हा शब्द उच्चारता येत नाही. तो म्हणाला, "ताई, विषाणूचा नायनाट करतं हे. डोळे मिटून फवारा."

तिने फवारले. आजारी झाडांना खताची जास्तीची ओंजळ घातली, जिवाचे रान केले. झाडांना नवी पालवी फुटली, आणि तीही पिवळी निघाली. पान हलवले की खालून पांढऱ्या माश्यांचा थवा उठे आणि शेजारच्या हिरव्या झाडावर जाऊन बसे. पंधरा दिवसांत तिनाची नऊ झाली. शेवटी तिने आचार्यांसमोर येऊन सगळे सांगितले, आणि सांगता सांगता तिला रडू कोसळले.

आचार्य रागावले नाहीत. ते आत गेले आणि एक पितळी नळी घेऊन आले. अशा नळीला नक्षीची छिद्रे असतात. आत रांगोळी भरून ती जमिनीवरून फिरवली की वेलबुट्टीची ओळ उमटत जाते. दारची नऊ झाडे मरायला टेकली असताना यांना रांगोळी कशी सुचते, हे शिष्येला कळेना.

"फिरव," ते म्हणाले.

"पण ही रिकामी आहे."

"म्हणून तर म्हणतो, फिरव."

तिने फिरवली. जमीन कोरीच राहिली. मग त्यांनी घरातल्या डब्यातली रांगोळी नळीत भरायला लावली. या वेळी तीच कळी, तेच पान, पुन्हा तीच कळी, अशी पांढरी ओळ थेट तुळशीपर्यंत गेली.

"आता सांग, नळीने यात स्वतःचं काय घातलं?"

शिष्या विचार करून म्हणाली, "रांगोळी घरातली, हात माझा. तिची फक्त नक्षी."

"केवड्याचा विषाणू तेवढाच आहे," आचार्य म्हणाले. "डीएनएचं एक इवलंसं वेटोळं. स्वतःची प्रत काढायला त्याच्यापाशी ना सामग्री, ना कारागीर. ते दोन्ही झाडाच्या पेशीत असतात. पण पान पूर्ण वाढलं की ते कारागीर काम आटोपून निजलेले असतात. हा आयत्या बिळावरचा नागोबा त्यांना उठवतो. नवी पेशी घडवायची आहे असं समजून ते कामाला लागतात. आत येताना वेटोळं एकपदरी असतं, त्याला दुसरा पदर तेच जोडतात. मग त्याला एका जागी छेद पडतो, आणि त्या टोकापासून कारागीर गोल गोल फिरत प्रत काढत सुटतात. लांबच लांब पट्टी निघते. एक फेरी भरली की तुकडा कापायचा, टोकाला टोक जुळवायचं, झालं नवं वेटोळं. तुझ्या त्या बाटलीने नेमका कोणाचा हात धरायचा होता? तो हात झाडाचाच आहे. तो तोडावा तर झाडच मरतं."

शिष्येने हातातली नळी खाली ठेवली. मग तिने विचारले, "म्हणजे झाडाचा यात काहीच दोष नाही?"

"काडीचाही नाही. ते आपलं रोजचं काम करतंय. तरीही ते काढावं लागतं, कारण माशी तिथूनच वेटोळी उचलून पुढच्या झाडाला देते."

"तेव्हाच तीन काढली असती तर सहा वाचली असती."

"वाचली असती. हे तू आता बोललीस, ते खरं आहे, आणि एकदा बोलणं पुरे. पण हेच वाक्य घोकत बसलीस तर तेही वेटोळंच होईल. त्याला स्वतःचं बळ नसतं गं. ते तुझंच मन कामाला लावतं, आणि तुझ्याच बळावर हजार प्रती काढून घेतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे, माश्या थंडीने पानांना चिकटून होत्या तेव्हा, शिष्या पिशव्या घेऊन वाफ्यात उतरली. माशी उडू नये म्हणून ती आधी झाडावर पिशवी चढवी, बुंध्याशी आवळून धरी, मग उपटी. प्रत्येक वेळी तिला वाईट वाटले आणि तिने ते वाटू दिले. नऊ झाडे बांधावर आली.

वाफ्यातून परतताना ती एका हिरव्यागार झाडापाशी थबकली. त्याला हंगामातले पहिले फूल आले होते. शेंड्याचे कोवळे पान तिने उलटून उजेडाकडे धरले. एकच शीर, सुताएवढी, फिकट पिवळी होती. आणखी आठ दिवस तरी ती कोणाच्याही नजरेला पडली नसती.

बांधावरून आचार्यांनी हाक दिली, "झाली ना गं नऊ?"

"दहा," ती म्हणाली, आणि तिने त्या फुलावर अलगद पिशवी चढवली.