गारंबीच्या वेलीवरचे चार वर्ग

दोन डोंगरांचं एक जंगल होतं. मधे खोल दरी होती आणि दरीवर एकच गारंबीची वेल होती. इकडचा निरोप तिकडे जायचा तो या वेलीवरूनच, आणि तो न्यायचं काम शेकरांकडे होतं. त्यांची म्होरकी दुरपा.

शेकरांची एक जुनी रीत होती. निरोप पानावर नखानं कोरायचा, पलीकडे द्यायचा आणि पोच म्हणून कुरतडलेलं पान परत आणायचं. पोच आली नाही तर निरोप पुन्हा पाठवायचा. पण त्याआधी वेलीवरची आपली संख्या निम्मी करायची. निरोप हरवला म्हणजे वेलीवर गर्दी झाली असणार, आणि गर्दीत आपण आधी मागं सरायचं, असं शेकरांना पिल्लू असल्यापासून शिकवलं जाई. गर्दी ओसरली की एकेक शेकरू वाढवायचं. एवढ्या शहाणपणावर जंगल पिढ्यानपिढ्या चाललं. कुणाची सोयरीक अडली नाही, कुणाचं बारसं चुकलं नाही.

मग गवा निवडून आला. ‘प्रत्येक हाकेला वाट’ ही त्याची घोषणा होती. गादीवर बसताच त्यानं साळिंदर अण्णांना निरोपमंत्री केलं, आणि अण्णांनी निरोपांचे चार वर्ग पाडले. पहिल्यात महाराजांची भाषणं. दुसऱ्यात भाषणांचं कौतुक. तिसऱ्यात सणांच्या शुभेच्छा, महाराजांची छबी असेल तर. उरलेलं सगळं, म्हणजे दुखणी, वणवे आणि तक्रारी, चौथ्यात; वरचे वर्ग वेलीवर नसतील तेव्हाच चौथ्याची पाळी.

पहिल्या वर्गाच्या पानाला लाल गुंज चिकटवलेली असे. ती पानं नेण्यासाठी माकडांची नेमणूक झाली. माकडं पोच घेत नसत. पान दरीत पडलं तर पडलं, पुढचं फेकायचं. भाषण मधूनच गळालं तरी कुणाच्या लक्षात येत नसे, कारण उरलेलं भाषण तसंच असे.

माकडांच्या धक्क्यांनी शेकरांची पानं दरीत पडू लागली. पोच येईना. शेकरं रीतीप्रमाणे चाळीसची वीस झाली, विसाची दहा, दहाची पाच. शेवटी वेलीवर एकटी दुरपा उरली. अण्णांनी दरबारात आकडे वाचून दाखवले आणि सांगितलं, की प्रजा इतकी सुखी आहे, की तिला आता काही सांगायचंच उरलेलं नाही.

अशात एका दुपारी घोरपड धापा टाकत आली. इकडच्या कड्यावरून तिला दिसलं होतं, की पलीकडच्या पाणवठ्यावर शिकाऱ्यांनी फासे लावलेत. दिवस मावळताना चितळांचा कळप तिथं उतरतो, आणि यंदा कळपात सहा पाडसं होती.

दुरपा अण्णांकडे गेली. अण्णांनी तिला आदरानं बसवलं आणि वर्गबदलाचा अर्ज करायला सांगितलं.

“अर्ज कोणत्या वर्गातून येईल, अण्णा?”

“चौथ्या.”

“आणि दिवस मावळायच्या आत?”

“दुरपाबाई, सरकार तुमच्या पाठीशी आहे असं समजा.”

दुरपा उठली. त्या दिवशी ती जन्मात पहिल्यांदा मागं सरली नाही. तिनं झाडाखालच्या गुंजा वेचल्या, पानावर चिकटवल्या, वर कोरलं ‘महाराजांचं भाषण’, आणि खाली दोनच ओळी: पाणवठ्यावर फासे आहेत. कुणीही जाऊ नका. माकडांचा भरवसा नाही म्हणून बारा प्रती करून त्यांच्या हाती दिल्या. सात दरीत पडल्या, पाच पोचल्या.

चितळांनी भाषणं वाचणं केव्हाच सोडलं होतं. पण हे इतकं आखूड होतं, की कंटाळा यायच्या आत वाचून झालं. कळप पाणवठ्याकडे फिरकला नाही. सकाळी चितळांनी कळवलं, की महाराजांचं हे आजवरचं सर्वोत्तम भाषण. कौतुक दुसऱ्या वर्गाचं असल्यानं ते लगेच पोचलं.

कोणतं भाषण, हे गव्याला आठवेना. पण श्रेय नाकारायचा त्याचा स्वभाव नव्हता. सत्कार घ्यायला तो स्वतः दरी उतरून निघाला. पाणवठ्यावरच, असं त्यानं ठरवलं.

दुरपा फांदीवरून म्हणाली, “महाराज, तिथं फासे आहेत.”

“बाई, हे माझ्याच भाषणात आहे ना?”

“आहे.”

“मग? भाषण जनतेसाठी असतं.”

संध्याकाळी फासा गव्याच्या पायात होता. त्याची हाक पानावर कोरून दुरपा वेलीवरून धावत आली. अण्णांनी पान उलटंपालटं करून पाहिलं.

“मजकूर तक्रारीचा आहे. चौथा वर्ग. पलीकडे नेऊन रांगेत लावा. नियम महाराजांचाच, तो मोडणारा मी कोण?”

दुरपानं पोच मागितली. अण्णा म्हणाले, पोच द्यायची पद्धत बंद झाली आहे.

शेवटी चितळांनीच शिंगांनी फाशाची खुंटी उपटून गव्याला सोडवलं. तोवर इकडे निवडणूक होऊन गेली होती. अण्णा बिनविरोध आले, कारण विरोधकांची उमेदवारी चौथ्या वर्गात होती.

दुरपाच्या ढोलीत आता खायच्या बियांच्या जागी गुंजा साठवलेल्या असतात.

अण्णांनी पहिल्याच भाषणात चारही वर्ग रद्द केल्याची घोषणा केली. ते भाषण पहिल्या वर्गातून निघालं. ते संपलं, की घोषणा लागू होईल.